हिच्या कॉफीचं मशीन

सोमवार, ५ ऑक्टोबर

काल रविवारच्या फोनवर ही म्हणाली, "इथल्या कॉफीची इतकी सवय झालीये, तिकडे आल्यावर माझं कसं व्हायचं!" आणि हसली.

आज सकाळपासून त्या एका वाक्याभोवती फिरतोय. 'आल्यावर' म्हणाली. 'आले तर' नाही म्हणाली. चौदा महिन्यांत येण्याचा विषय पहिल्यांदा तिच्या तोंडून निघाला, आणि अडचण सांगितली ती एकच, कॉफीची. कुणी अडचण सांगितली की ती दूर करायची, एवढंच मी छत्तीस वर्षं केलं. बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून कारखान्या-कारखान्यांतून फिरलो, मे महिन्यात निवृत्त झालो. ही वहीसुद्धा तपासणीच्या नोंदींचीच. कोऱ्या दोन उरल्या होत्या, घरी आणल्या. (साहेबांना विचारून.)

ही लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेली. बाळ झालं तेव्हा मीही आठवडाभर जाऊन आलो. सगळ्यांच्या पायांत पायांत येत होतो, परत आलो. नात आता चालते. दिवसभर गुणगुणते म्हणून तिला आम्ही भुंगा म्हणतो. भुंग्याला सोडून हिला निघवत नाही, हे मला समजतं. मी कधी 'ये' म्हटलं नाही. उगाच जीव दोन्हीकडे ओढायचा कशाला?

निर्णय: घरात कॉफीचं मशीन घ्यायचं. खरंखुरं, दाबावर चालणारं. हिला आधी कळू द्यायचं नाही. मी स्वतः चहावाला. पण दाब मला कळतो.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता तरुण, चपळ.

"सर, हे बघा. पंधरा बार!"

"पंधरा कशाला?"

"जेवढं प्रेशर जास्त, तेवढी कॉफी चांगली."

"मग चाळीस बारचं दाखवा."

तो हसला. मी हसलो नव्हतो. सेफ्टी व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो विचारलं, तर त्याने खोका उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "सर, याला दूध फेसाळायची नळी पण आहे." बरं म्हटलं. मग त्याची पाळी आली.

"मॅडम कशी घेतात? दुधाची की बिनदुधाची?"

"दोन्ही."

"दिवसाला किती कप?"

"लागतील तसे."

"सकाळी लवकर लागते का? कारण हे तापायला वेळ घेतं."

ही साडेपाचला उठते, असं सांगणार होतो. मग लक्षात आलं की साडेपाचला उठायची ती माझ्या डब्यासाठी. आता किती वाजता उठते कोण जाणे.

खोटं बोललो. मला यातलं एकही माहीत नाही. नोकरीत असताना वाफ कोण वापरणार, किती, कशासाठी, हे लिहून घेतल्याशिवाय मी एका कागदावर सही केली नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

आज आडून विचारलं. "काय गं, तू तिकडे कॉफी दुधाची घेतेस का?"

पलीकडे तिने टीव्हीचा आवाज बारीक केला.

"का हो? बरं आहे ना तुमचं?"

"सहज."

"सहज? तुम्ही मला सहज काही विचारल्याचं एकतीस वर्षांत आठवत नाही मला." पण आवाजात राग नव्हता. मग बोलायला लागली ती अकरा मिनिटं थांबली नाही. एरवी आमचा फोन चार मिनिटांत आटपतो.

नोंद: बिनदुधाची. लहान कप. साखर अर्धा चमचा, तीही ढवळायची नाही, तळाला राहू द्यायची. वेळ पावणेदहा. दुकान कोपऱ्यावर, शिंप्याच्या शेजारी. खिडकीतली खुर्ची दुकानवाली हिच्यासाठी राखून ठेवते. दुसरं कुणी बसायला लागलं तर "ताईंची आहे" म्हणून उठवते. ही तिथे तासभर बसते. तिथे कुणी काही मागत नाही, म्हणाली. कधी वाचते, कधी नुसता रस्ता बघते. (शेवटच्या बाबींचा मशीनशी संबंध नाही. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिल्या.)

पावणेदहाला भुंगा कुणापाशी असतो, हे विचारायचं राहिलं.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

बिनदुधाची ठरल्यामुळे निम्मी मशीनं बाद झाली. उरलेल्यांपैकी एकाही दुकानदाराला आपण काय विकतोय ते माहीत नाही. शेवटी एकाने पत्ता दिला: छापखान्याच्या मागे एक बाई हॉटेलांची कॉफी मशीनं दुरुस्त करते, तिला विचारा.

गेलो. पत्र्याची लांबट शेड, रॅकवर पोट उघडी टाकलेली मशीनं, बाकावर क्षार धरलेले तांब्याचे बॉयलर, गेज, वॉशर, तेलाचा वास. मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. मशीनवाली चाळिशीची, बाह्या वर केलेल्या, केसांत पेन्सिल खोचलेली.

"बॉयलर इन्स्पेक्टर?" तिने डोळे बारीक केले. "शेडला टाळं लावायला आलात की काय?"

गिऱ्हाईक म्हणून आलोय म्हटल्यावर तिने स्टूल पुसून दिलं. कॉफीच्या पुडीतून पाणी ढकलायला नऊ बार पुरतात, पंधराचा आकडा खोक्यावर शोभेला असतो, असं तिने सांगितलं. खात्री पटली. बाई जाणकार आहे.

मग तिने ते दाखवलं. पंप नाही, बटणं नाहीत. लहानसा बॉयलर आणि एक लांब दांडा. दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग आवळली जाते, पाणी पुडीवर येतं. दोन श्वास थांबायचं. मग दांडा हातानेच सावकाश वर जाऊ द्यायचा; पाणी दाबायचं काम स्प्रिंग करते. छत्तीस वर्षांत इतकं प्रामाणिक यंत्र बघितलं नाही.

"हात मात्र सोडायचा नाही," ती म्हणाली. "पूड नीट भरलेली नसेल तर दांडा उसळतो. माझ्या भावाचा दात गेलाय."

तिने करून दिलेली कॉफी प्यायलो.

"कशी लागते?"

"कडू."

"आणि?"

"आणखी कडू."

"आधी जीभ शिकवावी लागेल तुमची," म्हणाली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती मोकळी असते.

मंगळवार, २० ऑक्टोबर

आज मी स्वतः पाच कप ओढले. पहिला आंबट, दुसरा कोळसा, तिसरा नुसतंच कोमट पाणी. मशीनवाली सांगत होती: पूड बारीक करा, आता जरा जाड, ठोकळ्याने सरळ दाबा, तिरका नको. पाचव्याचा एक घोट घेतला, आणि लगेच दुसरा. कडूच्या मागे काहीतरी होतं. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं, आणि त्याच्याही मागे पुसटसं गोड.

"बघा, आलं," ती म्हणाली.

पहिली गोष्ट मनात आली ती ही, की हिला सांगावं. घरी येईपर्यंत तेच घोकत होतो. कुलूप काढलं, चपला काढल्या, तोंड उघडलं, आणि मग आठवलं.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

मशीनवालीने विचारलं, "घरी हे चालवणार कोण?"

"ही चालवेल. स्वयंपाकघरातलं सगळं तीच बघते."

ती कपडा घेऊन हात पुसत राहिली. स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिली. "म्हणजे रोज तापवायचं, दळायचं, ओढायचं, मग गाळणी धुवायची, बॉयलर थंड झाला की पुसायचा, मधूनमधून क्षार काढायचे. त्यांना भेट देताय की काम?"

"ती आवडीने करेल."

"विचारलंत?"

उठून आलो. अर्धा कप तसाच राहिला. गिऱ्हाईकाशी असं बोलतं का कुणी? तिला काय माहीत आमच्या घरातलं? हिने कधी कशाची तक्रार केलेली नाही. एकदाही नाही. मी साक्षीदार आहे.

रविवार, २५ ऑक्टोबर

कपाचं नेमकं माप विचारायचं होतं. संध्याकाळपर्यंत दम निघेना म्हणून सकाळीच फोन लावला. लेकीने उचलला.

"आई नाहीये, बाबा. रविवारी सकाळी तिचा पोहण्याचा क्लास असतो."

"पोहण्याचा? हिचा?"

"तिने सांगितलं नाही तुम्हाला? आता खोल पाण्यात जाते ती."

मी म्हटलं, मग भुंग्याचं कसं, हिच्यावर सगळं अवलंबून. लेक म्हणाली, "बाबा, भुंग्याला जूनपासून पाळणाघरात घातलंय. नऊ ते पाच."

"मग ही दिवसभर करते काय?"

"हे तिलाच विचारा ना. मला मध्ये घालू नका."

जून. मी मेमध्ये निवृत्त झालो, भुंगा जूनमध्ये पाळणाघरात गेला. पाच महिने हिला येता येत होतं.

संध्याकाळी हिचा फोन आला. वाजू दिला.

सोमवार, २६ ऑक्टोबर

काही नाही.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

काही नाही. शेडवर गेलो नाही. चहा दोनदा उतू गेला.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

मशीन घ्यायचं की नाही हे आता ठरत नाही. पण हात रिकामे राहवत नाहीत म्हणून ओट्याचं माप घ्यायला गेलो, आणि सवयीने सगळीच तपासणी झाली. अहवाल असा:

ओट्याची उंची हिच्या मानाने चार इंच जास्त. दिवा पाठीमागे, त्यामुळे काम करणाऱ्याची सावली कामावरच पडते. खिडकी एक, कडी रंगाने चिकटलेली, उघडत नाही. हवा खेळती नाही. बसायची सोय नाही. स्टूल, खुर्ची, पाट, काहीही नाही. तीन खुर्च्या आहेत त्या बाहेरच्या खोलीत: एक माझी, एक लेकीची, एकीवर माझी वर्तमानपत्रं.

ही कुठे बसायची? आठवून आठवून दमलो. उभी असलेलीच आठवते.

खिडकीचं ती एकदा बोलली होती. मी 'बघू' म्हटलं होतं. कारखान्यात अशी खिडकी सापडली असती तर मी तिथल्या तिथे नोटीस काढली असती.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

रविवारीही फोन उचलला नाही. आज शेडवर गेलो. मशीनवाली नुसतंच म्हणाली, "या. पूड ताजी आहे." माफी मागायचं मनात होतं, पण सरळ दांड्याला हात घातला. लक्ष ठिकाणावर नव्हतं. पूड अर्धीच भरली होती, आणि वर मी हात सोडला.

दात शाबूत आहेत. हनुवटी वांग्याच्या रंगाची झाली आहे. मशीनवालीने बर्फ आणून दिला आणि हसू दाबायला पाठ वळवली. चूक सर्वस्वी माझी. यंत्राला दोष नाही.

बर्फ धरून बसलो असताना म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही बरोबर बोललात."

"मी फार बोलते," ती म्हणाली. "धरा नीट, पाणी गळतंय."

बुधवार, ४ नोव्हेंबर

लेकीने निरोप धाडला: आईचा फोन उचला, नाहीतर मी तिला गाडीत बसवून पाठवते. उचलला. नेमका चेहरा दिसणारा फोन.

"अगंबाई! हनुवटीला काय झालं?"

"दार लागलं."

"कुठलं दार?"

"स्वयंपाकघराचं."

"आपल्या स्वयंपाकघराला दार नाही."

मग काय, सगळं सांगितलं. दुकान, पंधरा बार, मशीनवाली, दांडा. ही हसायला लागली ती थांबेना, पदराने डोळे पुसायला लागली, आणि मग मला कळेना की अजून हसतेच आहे का.

"अहो, मला घरी नकोय कॉफी," म्हणाली. "मला बाहेर जाऊन प्यायचीये."

"मग इथेही जायचंस की. मी कधी नको म्हटलं?"

"नको नाही म्हटलंत. पण माझा दिवस कधी रिकामा होता? सकाळी डबा, मग बाजार, मग तुमची इस्त्री, चारला तुमचा चहा, सहाला पुन्हा गॅस. आणि तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मला धडकीच भरली. आता तर तीनही वेळा घरी."

धडकी. हा शब्द तिने वापरला. जसाच्या तसा लिहितो आहे.

मी म्हटलं, "ओट्यावरची खिडकी उघडली मी. रंग खरवडला, कडीला तेल घातलं."

तिने फोन चेहऱ्याजवळ घेतला. मग, "अकरा वर्षं झाली मी सांगून."

"हो."

मग जे चौदा महिन्यांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुला यायचंय का?"

"माहीत नाही हो." तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुमची आठवण येते. त्या ओट्याची येत नाही."

"मला करमत नाही गं," मी म्हणालो. इतकं मोठ्याने निघालं की मीच दचकलो.

"मग सांगायचं नाही का?"

"वाटलं, तू भुंग्यात अडकली आहेस."

"आणि मला वाटलं, तुमचं बरं चाललंय. दर रविवारी विचारलं की 'मजेत' म्हणायचात."

म्हणायचो खरा. दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

शेडवर जाऊन सांगितलं, "हिला मशीन नकोय."

"बरं," मशीनवाली म्हणाली, आणि दांड्याच्या मशीनवर कपडा टाकायला निघाली.

"थांबा. मला हवंय."

हे आधी ठरवलेलं नव्हतं. बोलून गेलो आणि मग खरं वाटलं. तिने बाकावर तीन मशीनं मांडली आणि दुकानातल्या त्या पोरासारखेच प्रश्न विचारले. या वेळी उत्तरं होती. दिवसाला दोनच कप. बिनदुधाची. घाई नाही, मला कुठेही जायचं नसतं. चालवणार मी, धुणार मी.

बटणाचं मशीन कॉफी बरी करतं, पण माणसाला काही करू देत नाही. पंपाचं चांगलं होतं, कुरकुर फार. दांड्याच्या बॉयलरला नवीन गॅस्केट तिने माझ्यासमोर बसवलं, सेफ्टी व्हॉल्व्ह मी स्वतः तपासला. तेच घेतलं. याच्याशी निदान माझी ओळख झालेली आहे.

"ठेवणार कुठे?" तिने विचारलं.

"बाहेरच्या टेबलावर. खुर्चीवरची वर्तमानपत्रं काढली आहेत."

रविवार, १५ नोव्हेंबर

नऊ दिवसांत एकवीस कप. सहा पिण्यासारखे. हनुवटी आता पिवळी आहे.

हल्ली ही रोज फोन करते. मी केलेला कप कॅमेऱ्यासमोर धरतो, ती वरचा तांबूस थर बघते आणि परीक्षकासारखी मान हलवते. आज मी म्हणालो, "विचार करत होतो. एकतीस वर्षांत मी तुला माझ्या हाताने काही करून दिलेलं नाही."

"दिलंत की. एकदा मला ताप होता, लिंबूपाणी केलंत."

"केलं होतं?"

"साखर विसरलात. पण मी प्यायले."

मला मुळीच आठवत नाही. तिला ग्लास कुठला होता तेही आठवतं.

मग म्हणाली, "ते मशीन प्रवासात नेता येतं का?"

"येतं. बॉयलर रिकामा करून, कोरडा करून."

"मग या घेऊन. लेकीच्या मागच्या खोलीत टेबल आहे. पण आधीच सांगते, सकाळची मी बाहेरच घेईन. एकटी. त्यात बदल नाही."

"बरं."

"रविवारी पोहायला जाईन."

"बरं."

"दुपारची तुम्ही करा."

"किती दिवसांसाठी येऊ?"

पलीकडे भुंगा काहीतरी आपटत होता. "या तर," म्हणाली.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

'या तर' म्हणजे काय, यावर चार दिवस डोकं चालवलं. या आणि राहा? की या, मग बघू? की नुसतंच, नाही कसं म्हणायचं म्हणून? एकदा वाटतं तिचा आवाज आनंदाचा होता, एकदा वाटतं दमल्यासारखा होता. गेजवर काटा असतो, वाचता येतो. हिचा आवाज वाचायला मी आता कुठे शिकतोय, आणि तोही फोनवरून.

मशीन रिकामं केलं. वाफ सोडली, झाकण उघडून दोन दिवस कोरडं होऊ दिलं, दांडा सोडवून वेगळा गुंडाळला. मशीनवालीने वॉशरची जादा जोडी दिली आणि गाळणीत एक चिठ्ठी घातली: 'हात सोडू नका.' शेजाऱ्यांकडे किल्ली दिली. स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. आता ती सहज लागते.

दुपारी स्टेशनवर जाऊन उद्याचं तिकीट काढलं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "परतीचं?"

मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं.

"काका, परतीचं काढायचं का?"

"ते हिला विचारून सांगतो," मी म्हणालो.